गुणाची पोर

जानेवारी २०१८मधली गोष्ट. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी आली होती आणि गंगापूर रोडवरच्या एका लहानशा प्रसूतिगृहात तिला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी बालरोगतज्ज्ञ आले. त्यांनी आधी खोलीतला दिवा मालवला, खिडकीचा पडदा पूर्ण सारला आणि बाळाला दुपट्ट्यासकट उचलून खिडकीपाशी नेले. तिथे त्यांनी अंगठ्याने बाळाच्या नाकाचा शेंडा किंचित दाबला, अंगठा उचलला आणि दाबाने रक्त सरून मूळ रंग उघडा पडलेल्या त्या ठिपक्याकडे क्षणभर पाहिले. मग कपाळ, मग छाती, पोट, मांडी आणि शेवटी तळपाय. प्रत्येक ठिकाणी तेच, दाबणे आणि पाहणे. ह्या सगळ्यात ते एक शब्दही बोलले नाहीत. पस्तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना संहितेचे निकट वाचन शिकवत आलो, पण इतक्या निकटचे वाचन मी प्रत्यक्षात क्वचितच पाहिले असेल.

"कावीळ मांड्यांपर्यंत उतरली आहे," ते म्हणाले. "रक्त तपासून घेऊ." रक्तातले बिलिरुबिन साडेसोळा निघाले. मुलीचा रक्तगट ओ, नातीचा बी. दुपारपर्यंत नात निळ्या दिव्यांखाली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली, अंगावर लंगोटाखेरीज काही नाही, अशी पेटीत झोपलेली होती.

माझी आई तेव्हा ऐंशी वर्षांची होती. पणतीला बघायला म्हणून तिला रिक्षातून आणले होते. ती काचेपाशी बराच वेळ उभी राहिली. ती देवाचे नाव घेईल, किंवा निदान डोळे पुसेल, असे मला वाटले होते. तिने त्यांतले काहीच केले नाही. ती एवढेच म्हणाली, "आमच्या खोलीत उजेडच नव्हता रे."

मला ते वाक्य तेव्हा कळले नाही. प्रस्तुत लेख त्या वाक्याविषयीच आहे.

बाळंतिणीची खोली हा जुन्या मराठी घरातला सर्वांत अंधारा भाग असे. वारा लागू नये, दृष्ट लागू नये आणि सोयर घरभर पसरू नये, अशी तीन कारणे एकाच बंद दारामागे नांदत. खिडकी असलीच तर तिला गोणपाट. आत बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, वेखंडाचा वास. आम्हा मुलांना त्या खोलीत मज्जाव असे. दार किलकिले झाले की धुराबरोबर एक उबट वास बाहेर येई आणि पुन्हा दार लागे. मराठी कथा-कादंबऱ्यांतून ही खोली आपण अनेकदा वाचली आहे. तिच्याविषयी हळवेपणाने लिहिले गेले आहे, संतापानेही लिहिले गेले आहे. परंतु त्या अंधाराचा एक साधा, निव्वळ दृष्टीच्या पातळीवरचा परिणाम माझ्या तरी कधी ध्यानात आला नव्हता. तो असा की पिवळा रंग अंधारात दिसत नाही. कंदिलाच्या उजेडात तर मुळीच दिसत नाही, कारण तो उजेड स्वतःच पिवळा असतो.

आणि नवजात अर्भकाच्या बाबतीत हा रंग दिसणे फार महत्त्वाचे असते. गर्भात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशींची गर्दी असते. जन्मानंतर त्यांतल्या पुष्कळशा मोडतात आणि त्यातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. ते शरीराबाहेर टाकायचे काम यकृताचे. पण ते अजून कामाला सरावलेले नसते. म्हणून पूर्ण दिवसांच्या निम्म्याहून अधिक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडीफार कावीळ होतेच आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ती आपोआप ओसरते. ह्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ कधीही साधी समजायची नसते. तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली, किंवा बाळाला सुस्त करून दूध तोडायला लावणारी कावीळही तशीच. आईचा आणि बाळाचा रक्तगट जुळत नसला, बाळ अपुऱ्या दिवसांचे असले, त्याच्या पोटात पुरेसे दूध जात नसले, तर हे द्रव्य वाढत जाऊन मेंदूत उतरू शकते. आणि तिथे एकदा झालेली इजा भरून येत नाही. मूल जगले तरी बहिरेपण, हातापायांवरचा ताबा सुटणे अशा रूपांनी ती जन्मभर सोबत राहते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर नुसत्या डोळ्यांचा अंदाज चुकतो, म्हणून शंका आली की रक्त तपासायचे. डॉक्टरांनी अंगठ्याने वाचले आणि मग रक्ताने ताडून पाहिले, ते ह्यासाठी.

उपचाराचा शोधही उजेडातच लागला, हे मला नंतर वाचनात सापडले. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड नावाचे गाव आहे. तिथल्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सांभाळत. मोकळी हवा आणि ऊन ह्यांवर त्यांचा विश्वास, म्हणून बऱ्या दिवशी त्या बाळांना बाहेर अंगणात नेत. १९५६ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी एक बाळ डॉक्टरांपुढे उघडे करून दाखवले. त्याचे सारे अंग फिकट झाले होते, फक्त एक त्रिकोणी तुकडा गर्द पिवळा राहिला होता. चादरीचे टोक जिथे आले होते, नेमका तेवढाच. डॉक्टरांना आधी वाटले की तिथे कसले तरी औषध फासले असावे. पुढे काविळीच्या रक्ताची एक नळी उन्हात राहून गेली आणि तिच्यातले बिलिरुबिन कमी भरले, तेव्हा संशय पक्का झाला. रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये ह्याविषयी लिहिले आणि आज जगभर वापरात असलेल्या निळ्या दिव्यांची सुरुवात तिथून झाली. निळा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो. मग ते पित्तावाटे, लघवीवाटे निघून जाऊ शकते, यकृताची वाट पाहावी लागत नाही. (इथे एक सांगणे आवश्यक आहे. ह्यावरून बाळाला उन्हात धरणे हा उपचार ठरत नाही. आपल्याकडे अजूनही कोवळ्या उन्हात धरा असे सर्रास सांगितले जाते. पण उन्हाचे प्रमाण मोजता येत नाही आणि उघडे बाळ एकतर गारठते किंवा भाजते. शिवाय ऊन दाखवण्यात जे दोन दिवस जातात तेच नेमके मोलाचे असतात.)

त्या त्रिकोणाची गोष्ट मी त्याच रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून आईला सांगितली. तिने ऐकून घेतली. मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी पंचावन्न वर्षे तिने कुणालाही सांगितली नव्हती.

मला एक बहीण होती, हे मला ठाऊक होते. म्हणजे एवढेच ठाऊक होते की मधे एक मुलगी झाली आणि गेली. आमच्या घरात तिचा उल्लेख 'मधली' असा होई, तोही क्वचित. ती १९६३च्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी जन्मली. मी सहा वर्षांचा होतो. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. अजूनही थंडीच्या लाटेत राज्यातले नीचांकी तापमान पुष्कळदा तिथलेच असते आणि द्राक्षबागाईतदार रात्रभर बागांतून शेकोट्या पेटवून मण्यांना जपतात. त्या थंडीत सुईणीने बाळाला जन्मल्याबरोबर न्हाऊ घातले आणि सुपात ठेवले. बाळ दिवसांआधीचे असावे, आईच्या शब्दांत, "ओंजळीत मावेल एवढी." शेगडी आईच्या बाजेखाली होती, सूप भिंतीशी. पहिले दूध चिकट, पिवळे म्हणून पिळून टाकले. बाळाला तीन दिवस गुळाचे पाणी आणि मध. चौथ्या दिवशी पाजायला घेतले तेव्हा ते ओढू लागले, रडूही लागले. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजली. नेहमीप्रमाणे कोरा कागद आणि बोरू ठेवला, म्हणजे रात्री तिने येऊन भाग्य लिहावे.

पुढचे मी आईच्या शब्दांत, त्याच क्रमाने देतो. घरी आल्याबरोबर मी ते वहीत उतरवून घेतले होते.

"सहाव्या दिवशी तिचं रडणं बारीक झालं. दुपारनंतर रडलीच नाही. शेजारच्या बाया बघायला आल्या, म्हणाल्या, किती गुणाची पोर आहे, मुळीच त्रास नाही. मलाही बरं वाटलं. मग ओढेना. तोंडात दिलं की दूध कडेनं गळायचं. सातव्या दिवशी हात उचलला की तसाच खाली पडायचा, चिंधीच्या बाहुलीसारखा. आणि हाताला गार लागत होती. मी सासूबाईंना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, पौषातली थंडी आहे, गार नाही लागणार तर काय. आठव्या दिवशी पहाटे बघितलं तर गेली होती."

बारसे झालेले नव्हते म्हणून नाव नव्हते. सटवाईने तेवढेच लिहिले होते, असे सगळे म्हणाले.

आजीविषयी आता राग धरावा असे मला वाटत नाही. तिची स्वतःची तीन मुले अशीच गेली होती आणि ती जे बोलली ते तिच्या अनुभवातून आलेले होते. परंतु मला अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने. आईने सांगितलेला तो क्रम मी कुठेतरी आधी वाचला आहे असे मला वाटत राहिले. काही दिवसांनी आठवले.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' ह्या संस्थेने १९९३पासून गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा एक प्रयोग केला, तो आता जगप्रसिद्ध आहे. त्या गावांत दवाखाना जवळ नव्हता आणि असता तरी बाळंतीण घराबाहेर पडत नव्हती. तेव्हा डॉक्टर नेण्याऐवजी त्यांनी गावातल्याच, काही इयत्ता शिकलेल्या बायकांना शिकवले. त्यांना नाव दिले आरोग्यदूत. तिच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, श्वास मोजायला घड्याळ, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळासाठी फुग्यासारखे साधन आणि जंतुदोषासाठी जेंटामायसिनचे इंजेक्शन. ह्या शेवटच्या गोष्टीवरून तेव्हा बरीच टीका झाली होती. गावातली अर्धशिक्षित बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, ही कल्पनाच अनेकांना सहन झाली नाही. प्रयोगाच्या आधी त्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षाअखेर हा आकडा २५च्या आसपास आला. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या ४७ गावांत तो जवळजवळ जागचा हलला नाही. १९९९च्या डिसेंबरात हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

पण मला इथे आकड्यांपेक्षा एका यादीविषयी बोलायचे आहे. नवजात बाळाला जंतुदोष झाला आहे हे प्रयोगशाळेशिवाय ओळखायचे कसे, ह्यासाठी गडचिरोलीतल्या नोंदींवरून सात लक्षणे निवडण्यात आली. दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे. रडणे क्षीण होणे किंवा थांबणे. हातपाय लुळे पडणे. पोट फुगणे किंवा वारंवार उलट्या. श्वास घेताना छातीचा खालचा भाग खोल आत ओढला जाणे. बेंबीत पू. आणि सातवे, 'बाळ हाताला गार लागते' असे आईने सांगणे. ह्यांतली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर थांबायचे नाही.

ही यादी मी पुन्हा काढून वाचली आणि माझ्या वहीतले पान शेजारी ठेवले. सातांपैकी चार. दोन पुरेशी होती.

साहित्याच्या माणसाने ह्या यादीकडे नीट पाहावे असे मला वाटते. पहिली गोष्ट म्हणजे तिच्यातले पहिले तीन शब्दप्रयोग स्थितीचे नाहीत, बदलाचे आहेत. 'रडत नाही' असे नव्हे, तर 'रडत होते ते रडेनासे झाले'. काही बाळे मुळातच कमी रडतात. तेव्हा कालचे बाळ ज्याला ठाऊक आहे त्यालाच आजचे वाचता येते आणि कालचे बाळ ठाऊक असते फक्त आईला. दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण. थर्मामीटर पिशवीत असतानाही आईचे सांगणे हे एक स्वतंत्र लक्षण म्हणून यादीत आहे. एरवी वैद्यकात रुग्णाच्या नातेवाइकाचे बोलणे हे निदानाच्या अलीकडे राहते. इथे ते निदानाचा भाग झाले. १९६३ सालच्या त्या खोलीत जी बाई दोनदा बोलली आणि जिचे बोलणे थंडीच्या खात्यावर जमा झाले, तिच्या त्याच वाक्याला तीस-चाळीस वर्षांनी एका शास्त्रीय यादीत जागा मिळाली.

मी अर्थातच पंचावन्न वर्षांनंतर निदान करू पाहत नाही. जंतुदोष असेल, नुसते गारठणे असेल, दोन्ही असेल. गारठलेले बाळही असेच गळाठते, दूध सोडते आणि मग त्याच्या अंगात ऊब तयार करण्याचे बळच उरत नाही. जेंटामायसिनचा तर शोधच मुळी १९६३ सालचा, ते आमच्या गावात कुठून असणार. कुणी ऐकले असते तर ती जगली असती असे मी म्हणत नाही. पण बैलगाडी जुंपली गेली असती. निदान तिला सुपातून उचलून आईच्या पोटाशी बांधले गेले असते.

ह्या शेवटच्या गोष्टीचाही इतिहास आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८-७९च्या सुमारास एडगर रे आणि हेक्टर मार्टिनेझ ह्या डॉक्टरांनी, पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून, कमी वजनाची बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे तिला 'कांगारू पद्धत' म्हणतात. प्रारंभी ती गरिबांची तडजोड समजली गेली. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केली तर पहिल्या महिन्यातले मृत्यू आणखी चतुर्थांशाने घटतात, असे त्यात दिसले. म्हणजे आमच्या घरातली शेगडी दोन हात सरकायची गरज नव्हती. बाळ सरकायला हवे होते.

आता थोडे माझ्याविषयी, कारण ह्या प्रकरणात मीही निर्दोष नाही. मी लोकसाहित्य शिकवत असे. सटवाईवर मी एक निबंधही लिहिला होता. कोरा कागद, बोरू, रात्री येऊन अदृश्य अक्षरांत लिहून जाणारी देवता, ललाटलेख आणि नियती, लेखन आणि सत्ता, असे पुष्कळ काही त्यात होते. तो वाचून विद्यार्थी खूश झाले होते. तो निबंध लिहिताना माझी आई शेजारच्या खोलीत बसून तांदूळ निवडत होती. तिला एक प्रश्न विचारावा असे मला सुचले नाही. ज्या रात्रीच्या पूजेविषयी मी इतके लिहिले, तिच्या दुसऱ्या दिवशी माझ्याच घरात काय घडले होते, ते मला ठाऊक नव्हते.

आनंदीबाई जोशींच्या बाबतीतही आपण हेच करत आलो आहोत, असे मला आता वाटू लागले आहे. त्यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले, तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. हे वाक्य आपण सगळेच शिकवतो आणि लगेच पुढे जातो, कारण पुढे समुद्रप्रवास आहे, पेनसिल्व्हेनिया आहे, १८८६ची पदवी आहे. ते मूल एका थोर चरित्राचे निमित्त होऊन राहते. त्या दहा दिवसांत काय झाले, ते रडायचे कधी थांबले, कुणाच्या लक्षात आले, हे आपण विचारत नाही. पुढे त्यांनी आपल्या प्रबंधासाठी भारतातल्या हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला, ह्याकडे त्या दहा दिवसांच्या उजेडात पाहायला हवे होते.

'कोवळी पानगळ' हा २००१ साली बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर काढलेला अहवाल. सरकारी कागदावर जितके बालमृत्यू दिसतात त्याहून प्रत्यक्षात कितीतरी अधिक घडतात, हे त्यात गावोगावच्या मोजणीतून दाखवले होते. त्याचे शीर्षक मला फार अर्थपूर्ण वाटते. पानगळ पिकल्या पानांची असते, तिला ऋतू असतो आणि ऋतूला आपण दोष देत नाही. 'कोवळी' ह्या एका विशेषणाने ते नैसर्गिकपण मोडून टाकले आहे. आमच्या घरात मात्र ती पौषातली पानगळच राहिली. मोजणीतही ती आली नसणार. जन्माची नोंद नाही तर मृत्यूची कोण करणार?

असो. नातीकडे वळतो. दोन दिवसांनी तिचे बिलिरुबिन उतरले आणि ती घरी आली. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या घरी जे चालले त्यावरून माझ्या लक्षात आले की नवजात बाळाच्या बाबतीत आपण दोन्ही बाजूंनी चुकतो. जिथे घाबरू नये तिथे घाबरतो आणि जिथे धावत सुटायला हवे तिथे समाधान मानतो. पाचव्या दिवशी लंगोटावर रक्ताचा ठिपका दिसला आणि माझी मुलगी रडू लागली. आई शांतपणे म्हणाली, "मुलींना होतं असं, दोन दिवसांत जाईल." डॉक्टरांनी फोनवर तेच सांगितले, आईच्या रक्तातली संप्रेरके बाळाच्या अंगातून उतरतात त्याचा हा परिणाम. त्याच कारणाने बाळाची छाती सुजली. तेव्हा मालिशवाल्या बाई ती पिळून काढायला निघाल्या, तर डॉक्टरांनी निक्षून मनाई केली, कारण पिळल्याने त्यात पू होतो. अंगावर लाल पुरळ आले आणि गेले. पहिल्या आठवड्यात वजन थोडे घटले, तेही अपेक्षित. झोपेत मधूनच पाच-दहा सेकंद श्वास थांबल्यासारखा होई आणि पुन्हा चाले. त्यालाही हरकत नाही, असे कळले. तो वीस सेकंदांपर्यंत थांबला किंवा ओठ निळे पडले तर मात्र क्षणाचाही विलंब नको. दूध पिऊन थोडी गुळणी टाकणे हे रोजचेच. उलटी हिरवी असली तर ती शस्त्रक्रियेची वेळ असू शकते. महिन्याच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देऊन पाहायचे नाही. आठवडा उलटल्यावर दिवसातून सहाएक वेळा लघवी होत असेल तर दूध पुरते आहे, असे समजायला हरकत नसते.

आणि ह्या सगळ्यात सर्वांत फसवे काय, तर शांतता. आपल्या भाषेत न रडणाऱ्या बाळाचे कौतुक आहे. 'गुणी', 'समजूतदार', 'आईला त्रास न देणारे' ही सगळी विशेषणे आपण दहा दिवसांच्या जिवाला लावतो. आजारी मोठा माणूस कण्हतो, आजारी तान्हे बाळ गप्प होते. कालपर्यंत भुकेला उठणारे बाळ आज उठवूनही पीत नसेल तर ते शहाणे झालेले नसते.

नातीच्या जन्माआधी काही महिने, २०१७च्या सप्टेंबरात, नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाची बातमी देशभर गाजली होती. एकट्या ऑगस्ट महिन्यात तिथल्या नवजात कक्षात ५५ बाळे दगावली होती. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत होती, हे छायाचित्रांसह छापून आले. बहुतेक बाळे अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची होती आणि अनेकांना शेवटच्या क्षणी आणले गेले, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. हे कारण खरे असले तरी ते उत्तर नव्हे, असे मला तेव्हाही वाटले होते. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरून निघालेले बाळ 'शेवटच्या क्षणी' पोहोचते, त्याआधीचे क्षण कुठे गेले? त्यांतले काही रस्त्यात जातात, काही वाहनाच्या वाट पाहण्यात. आणि काही, मला भीती वाटते, गुणाचे बाळ म्हणून कौतुक करण्यात. एकंदर चित्र सुधारले आहे हे मान्य करायलाच हवे. २०२० सालच्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात महाराष्ट्रातला नवजात मृत्युदर हजारी ११ होता, देशाचा २०. पण हजारी अकरा म्हणजेही कुणाच्या तरी घरातली 'मधली' असतेच.

गडचिरोलीचा धडा पुढे देशाने घेतला. २०११पासून आशा कार्यकर्त्या जन्मानंतरच्या बेचाळीस दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येतात; तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या; घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्यांच्याजवळ एक छापील नमुना असतो आणि तीच लक्षणे त्यात एकाखाली एक प्रश्नरूपाने मांडलेली असतात.

२०१९च्या डिसेंबरात चुलतभावाच्या सुनेला मुलगा झाला, म्हणून आईला घेऊन मी गावी गेलो होतो. आई पुढे फार वर्षे राहिली नाही. गावची तिची ती शेवटची खेप ठरली. घर तेच, पण त्या खोलीची भिंत पाडून मोठी खिडकी काढलेली. सातवा दिवस होता. आशाताई आल्या, ओट्यावर साबणाने हात धुतले, बाळाला कापडी झोळीत घालून काट्याला टांगले, वजन लिहिले. काखेत थर्मामीटर लावला. मग पेन घेऊन एकेक प्रश्न विचारू लागल्या. बाळ नीट ओढतंय का? रडणं पहिल्यासारखं आहे का? सून हसत हसत उत्तरे देत होती. आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. तिला हल्ली कमी ऐकू येई, म्हणून तिचे लक्ष असेल असे कुणाला वाटले नाही.

"बाळ हाताला गार लागतं का?" आशाताईंनी विचारले.

"लागत होतं," आई म्हणाली.

आशाताईंनी वर पाहिले. सुनेने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. मग आशाताईंनी पुन्हा सुनेला विचारले, ती नाही म्हणाली, आणि त्यांनी त्या रकान्यात तसे लिहिले.